जरब किती काळ पुरते?

समर्थक : १९४७ ते १९७१ या चोवीस वर्षांत भारत आणि पाकिस्तान तीनदा लढले. तिसऱ्या वेळी तेरा दिवसांत पाकिस्तानचे दोन तुकडे झाले आणि सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले. त्यानंतरच्या काळात भांडणाची कारणे कमी झाली नाहीत, उलट वाढलीच. कारगिल, संसदेवरचा हल्ला, मुंबई, उरी, पुलवामा, पहलगाम. यांतल्या कुठल्याही एका कारणावरून पूर्वी सर्वंकष युद्ध पेटले असते. १९६५ चेच पाहा. ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोर शिरले आणि ६ सप्टेंबरला भारतीय फौजा लाहोरच्या दिशेने निघाल्या. अलीकडच्या सहाही प्रसंगांत तसे एकदाही झाले नाही. १९९८ च्या मे महिन्यात ११ आणि १३ तारखेला पोखरणला, तर २८ आणि ३० तारखेला बलुचिस्तानात स्फोट झाले. तेव्हापासून दोन्ही राजधान्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे, की या पुढचे सर्वंकष युद्ध कोणीही जिंकणार नाही. अण्वस्त्रांची जरब म्हणतात ती हीच, आणि तिने लाखो जीव वाचवले आहेत असे मी मानतो.

साशंक : तुमच्या हिशेबात मला एक मोठे भोक दिसते. १९७१ ते १९९८ या सत्तावीस वर्षांतही युद्ध झाले नव्हते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दोघांकडेही गुपचूप बॉम्बची तयारी होती हे मान्य केले, तरी त्याआधीची पंधरा वर्षे उरतातच. त्या शांततेला १९७१ चा निकाल पुरेसा होता. हरलेल्याला पुन्हा हरायचे नव्हते आणि जिंकलेल्याला आणखी जमीन नको होती. याउलट उघड स्फोट झाल्यावर वर्षभरात काय घडले? १९९९ च्या फेब्रुवारीत वाजपेयी बसने लाहोरला गेले, घोषणापत्रावर सह्या झाल्या. आणि त्याच हिवाळ्यात पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे सैनिक कारगिलच्या शिखरांवर ठाणी उभारत होते. ती योजना आखणाऱ्यांना भारत युद्ध वाढवणार नाही असा भरवसा वाटला, आणि त्या भरवशामागे बॉम्ब होता. ग्लेन स्नायडर या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ मध्येच हा धोका मांडला होता. सर्वांत वरच्या पातळीवर स्थैर्य आले की खालच्या पातळीवर हिंसा करायला मोकळीक मिळते. मोठे युद्ध अशक्य झाले म्हणूनच छोटे युद्ध परवडू लागते.

समर्थक : कारगिलची सुरुवात तुम्ही सांगितलीत, आता शेवटही पाहू. पाचशेहून अधिक भारतीय सैनिक त्यात कामी आले, आणि कोणत्याही युक्तिवादाने ती किंमत लहान होत नाही. पण २६ मे रोजी हवाई दल उतरले ते नियंत्रण रेषा ओलांडायची नाही या स्पष्ट आदेशासह. पाकिस्तानने तर ते आपले सैनिकच नव्हेत असा पवित्रा घेतला आणि स्वतःचे हवाई दल लढाईत उतरवले नाही. ४ जुलैला नवाझ शरीफ वॉशिंग्टनला गेले आणि माघारीला कबूल झाले. आरंभापासून अखेरपर्यंत लढाई त्या डोंगररांगांपुरती राहिली. त्याआधी, मार्च १९६९ मध्ये, उसुरी नदीतल्या बेटावरून चीन आणि सोव्हिएत संघ भिडले होते. दोघेही अण्वस्त्रधारी, दोघेही शेजारी. तिथेही रक्त सांडले आणि तिथेही प्रकरण आवरले गेले. जरब असली म्हणजे चकमकी होत नाहीत असे मी म्हणत नाही. चकमकीचे युद्ध होत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

साशंक : मग ते आवरण्याचे ओझे कोणावर पडते, हेही बोलायला हवे. कारगिलमध्ये रेषा ओलांडली एकाने आणि न ओलांडण्याचे बंधन पाळले दुसऱ्याने. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रममध्ये लाखो सैनिक सुमारे दहा महिने सीमेवर उभे राहिले. युद्ध झालेच नाही, तरी सुरुंग आणि अपघातांत शेकडो जवान गेले. मग २६ नोव्हेंबर २००८. दहा माणसांनी मुंबईत १६६ जणांचा जीव घेतला आणि लष्करी उत्तर दिले गेले नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटावर गावाकडची गाडी पकडायला बसलेल्या माणसाने तुमच्या स्थैर्याची किंमत मोजली. नियंत्रण रेषेलगतच्या गावांत ती वर्षानुवर्षे मोजली जाते. २०२५ च्या मे महिन्यात पुंछमध्ये तोफगोळे पडले तेव्हा घरांतली माणसे मेली. राजधान्यांमधली शांतता आणि सीमेवरची शांतता यांत फरक आहे. जरबेचे यश मोजताना आपण पहिलीच मोजतो.

समर्थक : हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण मुंबईनंतर हल्ला न करण्यामागे फक्त बॉम्बची भीती नव्हती. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी नंतर पुस्तकात त्या निर्णयाची कारणे दिली आहेत. हल्ला करून जे मिळाले असते, त्यापेक्षा न करून जगाचा पाठिंबा आणि पाकिस्तानवरचा दबाव जास्त मिळाला, असे त्यांचे मत आहे. शिवाय परिस्थिती तिथेच थांबलेली नाही. बॉम्बच्या सावलीतही मर्यादित कारवाईला जागा आहे, हे भारताने पुढे दाखवून दिले. पाकिस्तानच्या अण्वस्त्र व्यवस्थेची धुरा दीर्घकाळ वाहणारे जनरल खालिद किडवई यांनी २००२ च्या सुमारास इटलीच्या अभ्यासकांना अण्वस्त्र वापराचे चार उंबरठे सांगितले होते. मोठा भूभाग हातचा जाणे, सैन्याचा मोठा भाग नष्ट होणे, आर्थिक कोंडी होणे आणि देशांतर्गत अस्थैर्य माजवले जाणे. दहशतवादी तळावरचा नेमका हल्ला यांपैकी एकालाही शिवत नाही. म्हणजे ज्या विषमतेबद्दल तुम्ही बोलता, ती कमी होते आहे. भारताला बॉम्बखाली गप्प बसावे लागेल, हे गृहीत आता मोडले आहे.

साशंक : ते मोडले, आणि माझी काळजी तिथूनच सुरू होते. क्रम पाहा. २०१६ मध्ये उरीनंतर जवानांच्या तुकड्या नियंत्रण रेषेपलीकडे थोड्या अंतरावर जाऊन रातोरात परतल्या. २०१९ मध्ये पुलवामानंतर विमाने बालाकोटवर गेली, म्हणजे वादग्रस्त काश्मीरच्या बाहेर खैबर पख्तुनख्वात, आणि दुसऱ्याच दिवशी आकाशात चकमक होऊन एक भारतीय वैमानिक पकडला गेला. २०२५ मध्ये पहलगामनंतरच्या कारवाईत पहिल्याच रात्री पंजाबमधली बहावलपूर आणि मुरिदके ही ठिकाणे लक्ष्य झाली. मग दोन्ही बाजूंनी ड्रोन आणि क्षेपणास्त्रे आली, आणि चौथ्या दिवशी रावळपिंडीतल्या नूर खानसकट पाकिस्तानचे हवाई तळही लक्ष्य झाले. जिथे मागचा प्रसंग संपला, त्याच्या पुढे नवा सुरू झाला. आणि नंतरच्या दोन्ही वेळी दोन्ही देशांत विजय साजरा झाला. निभावलेल्या प्रत्येक प्रसंगातून दोघांनी एकच धडा घेतला, की एवढे केले तरी काही होत नाही, म्हणजे थोडे अधिक करता येईल. किडवईंचे उंबरठे कुठल्या नकाशावर काढलेले नाहीत. अंधाऱ्या खोलीत उंची न मोजता वर चढत जाणाऱ्यासारखे आपण चाललो आहोत. छत लागले हे डोके आपटल्यावरच कळेल. त्यात पहलगामनंतर १९६० चा सिंधू जलकरार स्थगित झाला. ज्या देशाची शेती त्या पाण्यावर उभी आहे, तो त्याला तुमच्या यादीतली आर्थिक कोंडी मानणार नाही याची खात्री कोण देईल?

समर्थक : तरीही २०२५ चा प्रसंग चार दिवसांत थांबला. ७ मेच्या पहाटे भारताने पहिल्याच निवेदनात सांगून टाकले, की लष्करी ठाण्यांना हात लावलेला नाही. १० मे रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी दोन्हीकडच्या लष्करी कारवाई महासंचालकांचे (डीजीएमओ) फोनवर बोलणे झाले आणि संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवायचे ठरले. म्हणजे मारतानाही दोघे शब्द तोलत होते. यामागे भक्कम रचना आहे. २००३ च्या जानेवारीत भारताने जाहीर केलेल्या धोरणात पहिला वापर न करण्याचे वचन आहे, आणि अंतिम निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेकडे आहे. २०१८ मध्ये आयएनएस अरिहंत या अणुपाणबुडीने पहिली गस्त पूर्ण केली. पहिला घाव सोसूनही समुद्राखालून उत्तर देता येईल ही खात्री ज्याला असते, त्याला घाई करावी लागत नाही. स्थैर्य याच खात्रीवर उभे असते.

साशंक : ही खात्री ठरवून केलेल्या हल्ल्यापुरती आहे. चुकीचे काय? ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आत मियां चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटक अस्त्र नव्हते आणि कोणी दगावले नाही. भारताचे अधिकृत निवेदन यायला दोन दिवस लागले. पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले गेले. शांततेच्या दिवसांत हे झाले म्हणून निभावले. तीच चूक १० मे २०२५ च्या पहाटे झाली असती तर? २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाममध्ये भारताच्याच क्षेपणास्त्राने भारताचे हेलिकॉप्टर पाडले. सहा हवाई योद्धे आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. चकमकीच्या गोंधळात शिकलेल्या, सरावलेल्या माणसांना काही मिनिटांत आपले आणि परके ओळखता आले नाही. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये क्षेपणास्त्राला अर्धा तास लागायचा. आपल्याकडे हाताशी मोजकी मिनिटे असतात. त्याच १० मे रोजी सकाळी अण्वस्त्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या पाकिस्तानच्या नॅशनल कमांड ऑथॉरिटीची बैठक बोलावल्याची बातमी आली आणि नंतर संरक्षणमंत्र्यांनीच ती नाकारली. तो इशारा होता की गोंधळ, हे त्या क्षणी दिल्लीत बसलेल्याने कसे ओळखायचे?

समर्थक : ब्रह्मोसचे उदाहरण माझ्या बाजूनेही वाचता येते. पाकिस्तानच्या रडारवर ते दिसत होते आणि त्यांनी उलट मारा केला नाही. शांतता होती, हे खरे. पण भीतीही होती, आणि भीती माणसाला दुसऱ्यांदा विचार करायला लावते. आता मला सांगा, याला पर्याय काय? निःशस्त्रीकरण? भारताच्या शेजारी फक्त पाकिस्तान नाही. १९६२ च्या युद्धानंतर दोनच वर्षांत, १९६४ मध्ये, चीनने पहिला अणुस्फोट केला. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या २०२५ च्या अंदाजाप्रमाणे भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रे आहेत, तर चीनकडे किमान ६००. पाकिस्तानकडे पाहून भारताने शस्त्र ठेवले, तर बीजिंगसमोर तो उघडा पडतो. १९९४ मध्ये बुडापेस्टच्या आश्वासनांवर विसंबून युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रे दिली. पुढे त्याच्या वाट्याला काय आले ते जगाने पाहिले आहे.

साशंक : शस्त्रे उद्या टाका, असे मी म्हणत नाही. त्यांच्याबद्दलचा खात्रीचा सूर सोडा, एवढेच मागतो. भारताच्याच धोरणातली सर्वांत कठीण जागा घ्या. पाकिस्तानने २०११ मध्ये नस्र या साठेक किलोमीटर पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी केली. भारतीय रणगाडे आत शिरले तर रणभूमीवरच छोटे अण्वस्त्र वापरायचे, हा त्यामागचा विचार. भारताचे जाहीर उत्तर असे, की भारतीय सैन्यावर कुठेही, कसलेही अण्वस्त्र पडले तर प्रत्युत्तर प्रचंड आणि असह्य असेल. म्हणजे वाळवंटात पाकिस्तानच्याच हद्दीत एका तुकडीवर बॉम्ब पडला, तर त्यांची शहरे नष्ट करायची, आणि मग उरलेल्या अस्त्रांनी ते दिल्ली-मुंबई नष्ट करणार. भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमण यांनी १९९९ मध्ये मुंबईवर हिरोशिमाच्या आकाराचा एक बॉम्ब पडला तर काय होईल याचा अभ्यास केला. बॉम्ब कुठे पडतो त्यानुसार मृत्यूंचा अंदाज सुमारे दीड लाखापासून साडेआठ लाखांपर्यंत निघाला. हा एका बॉम्बचा हिशेब, आणि तोही किरणोत्साराने सावकाश मरणाऱ्यांना सोडून. २०२२ मध्ये ‘नेचर फूड’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, भारत-पाकिस्तान अणुयुद्धाची काजळी आकाशात चढून पिके बुडाली, तर जगभरात दोनशे कोटींहून अधिक माणसे उपासमारीने मरू शकतात. जे वचन पाळले तर वचन देणाऱ्याचाच नाश होतो, त्यावर समोरचा किती काळ विश्वास ठेवेल?

समर्थक : पूर्ण विश्वास ठेवायची गरजच नाही. थॉमस शेलिंग या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने हेच सांगितले होते. धमकी शंभर टक्के खरी वाटावी लागत नाही, प्रकरण हाताबाहेर जाण्याची थोडी शक्यता उरली तरी पुरते. रावळपिंडीतला सेनापती असे म्हणू शकत नाही, की दिल्ली शहरे उडवणार नाही याची मला खात्री आहे. चुकण्याची किंमत इतकी मोठी आहे, की पाच टक्के शंकाही त्याचा हात धरते. २०२५ मध्ये नस्रचा वापर झाला नाही आणि भारताचे रणगाडे आत गेले नाहीत, ही या शंकेचीच कमाई. मात्र यात एक अट दडलेली आहे, ती मी मांडतो. हा सगळा डोलारा समोरच्याला भीती वाटते यावर उभा आहे. आणि १२ मे २०२५ रोजी पंतप्रधानांनी देशाला सांगितले, की अण्वस्त्रांचा धाक दाखवून केलेला दबाव भारत यापुढे सहन करणार नाही. भारताला सीमेपार मारा करण्याचे बळ या निर्भयतेतून मिळते. पण भारत निर्भय झाला की त्याच्या बाजूची जरब सैल होते. पाकिस्तानही तसाच निर्भय झाला, तर दोघांना आवरणारे काही उरणार नाही.

साशंक : आणि माझ्या बाजूची अडचणही तितकीच खरी आहे. मला चूक टाळणाऱ्या व्यवस्था हव्या आहेत. २००५ च्या करारानुसार दोन्ही देश बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचणीची आगाऊ सूचना देतात. पण त्यात क्रूझ क्षेपणास्त्रे नाहीत, आणि चुकून सुटलेले ब्रह्मोस क्रूझच होते. ड्रोनचा तर तेव्हा कोणी विचारही केला नव्हता. ही पोकळी भरावी, संपर्काच्या तारा पक्क्या कराव्यात, अस्त्रे आणि त्यांची वाहने वेगळी ठेवण्याची जुनी सवय सोडू नये, असे मला वाटते. पण हे सगळे साधले, तर प्रत्येक संघर्ष थोडा अधिक सुरक्षित होईल. सुरक्षित झाला की तो सुरू करणे स्वस्त होईल, दहशतवाद पोसणाऱ्यालाही आणि उत्तर देणाऱ्यालाही. तरी मी सुरक्षिततेची बाजू घेतो. माणसाशी बोलणी करता येतात, त्याला घाबरवता येते. बिघडलेल्या यंत्राशी यांतले काहीच करता येत नाही.

समर्थक : पण असले करार करायचे कोणाशी? हल्ले चालू असताना वाटाघाटींना बसणे हे हल्लेखोराला बक्षीस देण्यासारखे आहे. लाहोरची शाई वाळायच्या आत कारगिल घडले, हे तुम्हीच सांगितलेत.

साशंक : १९८८ च्या ३१ डिसेंबरचा करार आठवा. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. संसदेवरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते आणि सैन्ये सीमेवर उभी होती, तरी २००२ च्या १ जानेवारीला याद्या दिल्या गेल्या. मुंबईनंतरच्या १ जानेवारीलाही दिल्या गेल्या. त्यासाठी मैत्री लागली नाही, विश्वासही लागला नाही. दोघांच्या स्वार्थाचा एक चिंचोळा भाग सामाईक आहे, एवढे ओळखणे पुरले. असे आणखी चिंचोळे भाग शोधता येतील. आणि दुसरे काम तर आपल्या एकट्याच्या हातात आहे. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. ते स्वतः अण्वस्त्रांचे खंदे पुरस्कर्ते होते. तरी आपल्या यंत्रणा कुठे चुकल्या हे त्या समितीने लिहिले, आणि काही भाग वगळून अहवाल संसदेपुढे आला. प्रत्येक संघर्षानंतर तशी तपासणी व्हावी. आपण कुठे अचूक होतो आणि कुठे केवळ नशिबाने वाचलो, हे वेगवेगळे लिहिले जावे.

समर्थक : तपासणीला माझा विरोध नाही. पण ‘इथे आपण नशिबाने वाचलो’ हे वाक्य शत्रूही वाचणार. आपण कुठे घाबरतो हे त्याला कळले, की तो बरोबर तिथवर येऊन उभा राहील. संदिग्धता हीसुद्धा एक ढाल आहे.

साशंक : आणि ते वाक्य लिहिलेच नाही, तर आपलेच लोक, आपलेच सेनापती, पुढचे आपलेच पंतप्रधान समजतील की सगळे कौशल्याने निभावले. मग ते त्याहून पुढे पाऊल टाकतील. शत्रूपासून मर्यादा लपवताना ती स्वतःपासूनही लपते.

समर्थक : तर मग आपला वाद बॉम्बने युद्ध टाळले की नाही, इथून पुढे सरकला आहे. जरब टिकवायची तर मर्यादा धूसर ठेवावी लागते आणि अनर्थ टाळायचा तर ती दोघांना स्पष्ट दिसावी लागते. मी अजूनही धूसरतेकडे झुकतो, कारण मला समोरच्याच्या हेतूंची भीती जास्त वाटते.

साशंक : मी स्पष्टतेकडे झुकतो, कारण मला दोघांच्या आत्मविश्वासाची भीती जास्त वाटते. किती सांगायचे आणि किती झाकायचे, हे आजवर मोजक्या खोल्यांत, मोजक्या माणसांनी ठरवले. त्याचा परिणाम मुंबई, कराची, लाहोर, दिल्ली या शहरांतल्या कोट्यवधी माणसांवर होणार असेल, तर निदान त्यांनी हा प्रश्न नीट विचारायला शिकले पाहिजे. पुढच्या वेळी संघर्ष निवळला आणि दोन्ही सरकारांनी विजय जाहीर केला, की कोण जिंकले यापेक्षा हे आधी विचारावे : या वेळी आपल्याला कोणी आवरले, आपल्या भीतीने, समोरच्याच्या भीतीने, की दोघांच्याही हातात नसलेल्या कशाने? याचे उत्तर तुमच्याकडे पूर्ण नाही, माझ्याकडेही नाही. ते शोधण्याची सक्ती मात्र दोन्ही सरकारांवर हवी.